नकुलाचें कवच

संस्कृत व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास द्वंद्व समासाच्या प्रकरणांत एक मौजेचा नियम भेटतो. ज्या प्राण्यांचें वैर शाश्वत, म्हणजे जन्मजात व कधीं न मिटणारें असतें, त्यांच्या नांवांचा समास केला असतां तो एकवचनी होतो, असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. मांजर व उंदीर यांचें जसें 'मार्जारमूषकम्', तसें साप व मुंगूस यांचें 'अहिनकुलम्'. दोन हाडवैरी एका शब्दांत असे जखडले गेले आहेत कीं, त्यांस द्विवचनापुरतेंहि अंतर उरलें नाहीं!

हा नियम पाठ करतांना एक प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाहीं. वैर टिकावयाचें तर तें तुल्यबळांमध्यें असावें लागतें. नाहीं तर एक पक्ष केव्हांच नामशेष होतो. नागाच्या एका दंशानें धडधाकट मनुष्याचा प्राण जातो; आणि मुंगूस तर वजनानें किलो-दीड किलोचें. मग हजारों वर्षें हें वैर चाललें तें कशाच्या बळावर? घरांत हा प्रश्न काढून पाहावा. आजी म्हणेल, 'मुंगूस लढतां लढतां रानांत पळतें, मुंगूसवेलीचें मूळ खाऊन येतें आणि पुन्हा उभें राहतें.' शाळकरी नातू म्हणेल, 'त्याला विष बाधतच नाहीं.' या दोन्ही उत्तरांपैकीं पहिलें चुकीचें आहे व दुसरें अर्धेंच खरें आहे. पूर्ण उत्तर असें कीं, मुंगसापाशीं एखादी अद्भुत सिद्धि नाहीं. लहान लहान अनेक सोयी आहेत, आणि त्या सर्व मिळून त्याचें कवच झालें आहे. त्यांपैकीं अगदीं साधी सोय म्हणजे त्याच्या अंगावरचे राठ केस. नागापासून त्यास वांचविणारे हेच केस आज त्याच्या जिवावर उठले आहेत, आणि त्यांत आपल्या घरांतील शाळकरी मुलांच्या दप्तराचाहि संबंध येतो. तो कसा, हें पुढें येईलच.

आधीं ओळख

आपल्याकडे सामान्यतः दिसणारें मुंगूस तें करडें मुंगूस होय. प्राणिशास्त्रज्ञ त्यास 'हर्पेस्टिस एडवर्ड्सी' म्हणत आले. अलीकडे त्याची गणना 'उर्वा' या निराळ्या प्रजातींत होऊं लागली आहे. 'हर्पेस्टिस' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरपटणारा. कुंपणाच्या कडेनें, पोट जमिनीस लागेल इतकें खालीं वांकून, शेपूट मागें सरळ धरून झपझप जाणारें मुंगूस ज्यानें पाहिलें असेल, त्यास हें नांव पटल्यावांचून राहणार नाहीं. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याची लांबी सुमारें ३६ ते ४५ सेंटिमीटर, आणि शेपूट जवळजवळ तितकेंच लांब. त्याचें भावंड तांबूस मुंगूस हें रानांत अधिक आढळतें. त्याच्या शेपटीचें टोंक काळें व किंचित् वर वळलेलें असतें, करड्याचें तसें नसतें. मुंगूस हा दिनचर प्राणी आहे. रात्रीं तें बिळांत असतें व उजाडल्यावर भक्ष्यास निघतें. म्हणूनच तें आपल्या दृष्टीस इतकें पडतें.

आपल्या भाषेस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. इंग्रजींतील 'मंगूस' हा शब्द आपल्या 'मुंगूस' शब्दापासूनच गेला आहे. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या, १६९८ सालीं लंडन येथें छापलेल्या प्रवासवर्णनांत तो आढळतो; आणि हाच फ्रायर १६७५ सालीं कल्याणावरून जुन्नरास गेला होता. त्या कल्याणास लागूनच आजचीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें पसरलीं आहेत. फ्रायरच्या वेळचीं रानें आज तेथें राहिलीं नाहींत. परंतु ज्या प्राण्याचें नांव इंग्रजी भाषेनें उचललें, तो प्राणी तेथें आजहि नांदतो आहे. या लेखांत त्या तीन गांवांची गोष्ट येईल ती याच कारणासाठीं.

मुळीची गोष्ट

मुंगूस औषधी मुळी जाणतें ही समजूत आजची नव्हे. अथर्ववेदांत औषधींच्या सूक्तांत, नकुलास औषधि ठाऊक असते, असा उल्लेख आहे. 'नाकुली' हें एका वनस्पतीचें संस्कृत नांव आणि 'मुंगूसवेल' हें मराठी नांव याच समजुतींतून आलेलें दिसतें. या समजुतीचा उगम कळण्यासारखा आहे. झुंज चालू असतां मुंगूस मधूनच बाजूस होतें, झुडपांत शिरतें, थोडा दम घेतें व परत येतें. पाहणाऱ्यास तें आंत कशासाठीं गेलें हें दिसत नाहीं. जें दिसत नाहीं तेथें कल्पना धांवते, आणि झुडपांत मुळी उगवते!

परंतु मुंगूस अशी कोणतीहि मुळी खात असल्याचें, किंवा अशा मुळीनें नागाचें विष उतरत असल्याचें, कोणत्याहि परीक्षेंत सिद्ध झालेलें नाहीं. ही गोष्ट केवळ पांडित्याची नव्हे. मुंगसाच्या भरंवशावर मनुष्यानें मुळी उगाळून घ्यावी व त्यांत तास-दोन तास घालवावेत, यामुळें खेड्यापाड्यांतून आजवर किती प्राण गेले असतील! नाग, मण्यार, घोणस व फुरसें या आपल्याकडील चार मुख्य विषारी सापांच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस हाच उपाय आहे, आणि ती दवाखान्यांतच मिळते. साप चावलेल्या माणसास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये, जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये आणि तत्काळ दवाखाना गांठावा. मुंगसाचें कवच मुंगसास. आपणांस तें उसनें मिळत नाहीं.

कुलूप आणि किल्ली

मग त्याचें कवच तें कोणतें? प्रथम रक्तमांसांतील कवच पाहूं. नागाच्या विषांत जे मारक घटक असतात, त्यांतील मुख्य घटक मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यावर काम करतात. मेंदूकडून 'आकुंचन पाव' अशी आज्ञा स्नायूपर्यंत येते ती एका रासायनिक द्रव्याच्या रूपानें. स्नायूच्या पृष्ठभागावर तें द्रव्य स्वीकारणारीं सूक्ष्म स्थानें असतात. द्रव्य ही किल्ली आणि स्थान हें कुलूप, असें समजावें. किल्ली कुलपांत बसली कीं स्नायु हलतो. नागाचें विष हें खोट्या किल्लीसारखें आहे. तें कुलपांत घट्ट रुतून बसतें. कुलूप तर उघडत नाहींच, पण खऱ्या किल्लीसहि जागा उरत नाहीं. मग पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते, आणि शेवटीं श्वासाचे स्नायु थांबून मृत्यु येतो.

मुंगसाच्या शरीरांत या कुलपाची घडणच थोडी निराळी आहे. इस्राएलमधील वाइझमान संस्थेच्या सारा फुक्स व त्यांचे सहकारी यांनीं मिसर देशांतील मुंगसाच्या या स्थानाची रचना तपासली व आपले निष्कर्ष १९९२ सालीं प्रसिद्ध केले. ज्या प्रथिनाचें हें स्थान बनलेलें असतें, त्यांतील मोजकेच घटक मुंगसांत बदललेले आढळले. त्यांपैकीं एका बदलामुळें तेथें शर्करेच्या रेणूंची एक शाखा जोडली गेली आहे. ती दारांत आडव्या उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याचें काम करते. खरी किल्ली लहान असल्यामुळें आंत जाते. विषाचा रेणु मोठा असल्यामुळें बाहेरच अडतो. विष शरीरांत शिरतें, परंतु त्यास बसावयास जागाच मिळत नाहीं!

हें सामर्थ्य कमाविलेलें नसून उपजत आहे, हेंहि जुन्या प्रयोगांवरून कळतें. फ्रेंच शास्त्रज्ञ अल्बेर काल्मेत यानें १८९६ च्या सुमारास वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावरच्या मुंगसांवर प्रयोग केले. त्या बेटावर विषारी साप नाहींत. तेथें जन्मलेल्या मुंगसानें विषारी साप पाहिलेला असण्याचा संभवच नव्हता. तरीहि ससा ज्या मात्रेनें मरतो, तिच्या कित्येक पट मात्रा त्या मुंगसांनीं सहन केली. मात्र सहन करण्यास मर्यादा होती. मात्रा फार वाढविली असतां मुंगूसहि मेलें. 'विष बाधतच नाहीं' हें नातवाचें उत्तर अर्धेंच खरें आहे असें वर म्हटलें, तें यासाठीं. शिवाय घोणस व फुरसें यांचें विष मुख्यतः रक्तावर व रक्तवाहिन्यांवर चालतें. त्याच्यापुढें या निराळ्या कुलपाचा कांहींच उपयोग नाहीं.

बाहेरचें कवच

आंतलें कवच असें अपुरें असल्यामुळें मुंगूस त्यावर विसंबून राहत नाहीं. त्याचा खरा भर दंश चुकविण्यावर असतो. नाग फणा उभारून पुढें व खालीं झेंप टाकतो. ही झेंप आपणांस विजेसारखी वाटली तरी घोणशीच्या मानानें ती संथच असते. मुंगूस त्याला पुन्हा पुन्हा हूल देतें. जवळ जातें, नाग झेंप टाकतो, मुंगूस तितकेंच मागें उडी घेतें. असें दहा-वीस वेळां झालें म्हणजे नाग थकतो, त्याची फणा खालीं येऊं लागते, आणि त्या क्षणीं मुंगूस त्याचें डोकें आपल्या जबड्यांत धरून कवटी फोडतें. येथें बळापेक्षां धीराचा विजय होतो. उतावळें मुंगूस म्हातारें होत नाहीं.

यांतच केसांचें महत्त्व आहे. मुंगसाच्या अंगावरील प्रत्येक केस राठ असतो, आणि त्यावर फिक्या व गडद रंगाचे आळीपाळीनें पट्टे असतात. दुरून अंग करडें दिसतें तें या पट्ट्यांमुळें. वाळलेल्या गवतांत व धुळींत असें अंग चटकन् ओळखूं येत नाहीं, हा एक लाभ. दुसरा लाभ युद्धांतला. मुंगूस चवताळलें म्हणजे हे सर्व केस ताठ उभे राहतात व तें आहे त्याहून बरेंच मोठें भासतें. नागाचे विषदंत घोणशीच्या दंतांसारखे लांब नसतात, आंखूड व स्थिर असतात. पुष्कळदां ते फुगलेल्या केसांतच रुततात. कातडीपर्यंत पोंचतच नाहींत. गारुड्याच्या खेळांत भोंवतालीं जमलेल्या मंडळींस मुंगसास दंश झाला असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत तो दंश केसांवर झालेला असतो. ज्याला आपण चमत्कार म्हणतों तो असा केसभरच असतो!

रोजची भाकरी

एवढें सर्व सांगितल्यावर वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु मुंगूस सापांवर जगत नाहीं. साप मिळाला तर तें सोडीत नाहीं, इतकेंच. त्याचें रोजचें अन्न म्हणजे उंदीर, घुशींचीं पिलें, सरडे, बेडूक, विंचू, भुंगेरे, टोळ, पक्ष्यांचीं अंडीं, क्वचित् मेलेलें जनावर. आणि प्रसंगीं फळें व कंदहि. व्याकरणांतल्या समासानें त्याला सापाच्या गळ्यांत बांधलें. पोटानें मात्र त्याला कोणाच्याच गळ्यांत बांधलेलें नाहीं. चिवटपणाचें हें दुसरें आणि माझ्या मतें अधिक मोठें रहस्य होय. एका झाडावर वा एका भक्ष्यावर जगणारा प्राणी तें झाड वा भक्ष्य गेलें कीं जातो. ज्यास पुष्कळ दारें ठाऊक आहेत, तो एक दार बंद झालें म्हणून उपाशी मरत नाहीं.

राहण्याविषयींहि तसेंच. वारुळ, बांध, दगडांची रास, बांबूचें बेट, पडक्या भिंतीचें भगदाड, बांधकामाच्या सळयांचा ढीग, यांपैकीं कांहींहि चालतें. मादी सुमारें दोन महिने गर्भ वागविते, एका वेळीं दोन ते चार पिलें देते, आणि वर्षांत दोन-तीन वेळां विते. पिलें आईच्या मागोमाग रांगेनें चालतात तेव्हां एकच लांब जनावर चालल्याचा भास होतो.

आतां ज्या तीन गांवांचा उल्लेख वर आला, त्यांच्याकडे पाहूं. वालधुनी नदीच्या कांठचें अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे सन १०६० चें, शिलाहारांच्या काळांतलें. तें उभें राहिल्यावर नऊशें वर्षांत भोंवतालचें रान जितकें बदललें नसेल, तितकें तें गेल्या पाऊणशें वर्षांत बदललें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांस आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें गेलें. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या ५ लक्षांवर गेली होती. अंबरनाथास आगपेट्यांचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना व पुढें मोठी औद्योगिक वसाहत झाली. तेथें २ लक्ष ५३ हजार माणसें मोजलीं गेलीं. बदलापूर २००१ सालीं सुमारें ९८ हजारांचें होतें, तें दहा वर्षांत १ लक्ष ७४ हजारांचें झालें. भातखाचरांच्या जागीं इमारती आल्या, ओढ्यांचे नाले झाले, आणि वालधुनीच्या पाण्याची अवस्था तर सांगावयासच नको.

अशा ठिकाणीं रानचा प्राणी टिकेल अशी अपेक्षा कोण करील? तरी मुंगूस तेथें आहे. बदलापुरास सकाळीं फिरावयास निघणाऱ्या मनुष्यास, अजून न बांधलेल्या एखाद्या भूखंडाच्या कडेस, गटाराच्या बाजूच्या गवतांत किंवा रेल्वेच्या कुंपणाजवळ तें सहज दिसतें. मागच्या दोन पायांवर क्षणभर उभें राहून तें इकडे तिकडे पाहतें व पुन्हा गवतांत नाहींसें होतें. कचऱ्यानें उंदीर आणले. उंदरांनीं मुंगूस राखलें. आपण केलेल्या घाणीचा थोडा तरी निचरा तें बिनपगारी करीत आहे. उल्हास नदीच्या कांठीं या सेवेची किंमत विशेष आहे. २६ जुलै २००५ चा महापूर, आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली तो पूर, हे दोन्ही पुष्कळांच्या स्मरणांत असतील. पुरानंतर उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोचा ताप पसरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबई व आसपास त्यानें पुष्कळ बळी घेतले. अशा ठिकाणीं उंदीर मारणारा प्राणी अंगणांत असणें ही काय लहान गोष्ट आहे?

परदेशांत काय झालें

मुंगसाच्या चिवटपणाची परीक्षा मनुष्यानें एकदां जाणून बुजून घेतली आहे. ती करड्या मुंगसाच्या लहान भावंडाची घेतली. १८७२ सालीं जमेका बेटावरील एस्प्यूट नांवाच्या मळेवाल्यानें उंसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठीं कलकत्त्याहून नऊ लहान मुंगसें नेलीं. नऊंचीं असंख्य झालीं. प्रथम उंदीर कमी झाले, मळेवाले खूष झाले. मग मुंगसें कोंबड्यांवर, पक्ष्यांवर व तेथील निरुपद्रवी सरड्यांवर वळलीं. तेथून १८८३ मध्यें तीं हवाई बेटांवर नेलीं गेलीं. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ सालीं सुमारें तीस मुंगसें सोडलीं, तीं तेथील 'हाबू' या विषारी सापास मारतील म्हणून. परंतु हाबू रात्रीं हिंडतो आणि मुंगूस दिवसां! दोघांची गांठच पडेना. मुंगसांनीं त्या बेटावरच्या दुर्मिळ सशांस मात्र मारावयास आरंभ केला. पुढें जपान सरकारनें वर्षानुवर्षें सांपळे लावले, शिकवलेले कुत्रे फिरवले, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें बेट मुंगूसमुक्त झाल्याचें जाहीर केलें. तीस प्राण्यांची चूक निस्तरण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं.

यावरून मुंगूस दुष्ट ठरत नाहीं. आपल्या देशांत त्याचे शत्रु आहेत, स्पर्धक आहेत, आणि त्याचें भक्ष्यहि हजारों पिढ्या त्याच्या दांतांस जाणून सावध झालेलें आहे. म्हणून येथें त्याचा चिवटपणा प्रमाणांत राहतो व उपयोगी पडतो. परक्या बेटावर तोच गुण उपद्रव झाला. गुण हा स्थानानें शोभतो, हें आपल्या सुभाषितकारांनीं वारंवार सांगितलेलें आहे. निसर्गांत त्याचा असा पुरावा मिळतो.

कुंचल्याचें संकट

विष, पूर, घाण, गर्दी, यांतून तरणारें हें जनावर एका संकटापुढें मात्र हतबल आहे. त्याचे केस राठ, लवचिक व टोंकास निमुळते असल्यामुळें रंग चांगला धरतात, म्हणून चित्रकलेच्या कुंचल्यांसाठीं त्यांस मागणी असते. केस भादरून मुंगूस सोडून देतां येत नाहीं. त्यास मारावेंच लागतें. एका मुंगसापासून उपयोगी केस जेमतेम वीस ग्रॅम मिळतात. म्हणजे एक किलो केसांमागें सुमारें पन्नास मुंगसांचा बळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण मुंगसास आहे. त्यास मारणें, पकडणें, पाळणें अथवा त्याच्या केसांचा व्यापार करणें हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. तरी हा धंदा लपून चालतो. ऑक्टोबर २०१९ मध्यें केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानें अनेक राज्यांत एकाच वेळीं छापे घातले, तेव्हां ५० हजारांहून अधिक कुंचले व १०० किलोवर कच्चे केस सांपडले. वरील हिशेबानें त्या केसांसाठींच पांच हजारांवर मुंगसें मेलीं असलीं पाहिजेत.

नागाच्या दांतांस जो केस अडवितो, त्यासाठींच त्यास मारावें, यापरता दैवदुर्विलास कोणता? आणि हे कुंचले कोण घेतो? शाळेच्या चित्रकलेच्या तासास बसणारीं, एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांची तयारी करणारीं आपलींच मुलें. त्यांस वा त्यांच्या आईबापांस याची कल्पनाहि नसते. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं एवढें करावें: दुकानांत कुंचला घेतांना तो कशाचा आहे हें विचारावें, आणि 'नैसर्गिक केसांचा' असें मोघम उत्तर मिळाल्यास तो घेऊं नये. फिक्या-गडद पट्ट्यांचा करडा केस दिसला तर संशयास जागाच उरत नाहीं. परंतु केस रंगविलेलाहि असूं शकतो, म्हणून नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचा कुंचलाच मागावा. त्यानें मुलांच्या चित्रांचें कांहींएक बिघडत नाहीं.

दुसरी गोष्ट उंदरांच्या औषधाची. विषारी गोळ्या खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मुंगसानें खाल्ला तर तें विष मुंगसाच्याहि पोटांत जातें. त्याच्या निराळ्या कुलपाचा येथें कांहीं उपयोग नाहीं. अंगणांत मुंगूस वावरत असेल तर विषाऐवजीं पिंजरा लावावा. त्यास पाळूं नये, हातानें खाऊं घालूं नये, आणि तें चावल्यास कुत्र्याच्या चाव्याप्रमाणेंच रेबीजची लस ताबडतोब घ्यावी. कारण तो आजार त्यालाहि होऊं शकतो. घराच्या मागें एखादा कोपरा गवताचा राखतां आला, तर तेवढ्यानेंहि त्याचें काम भागतें.

आपल्या वाङ्मयानें नकुलास दोन प्रसंगीं अविस्मरणीय केलें आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत अर्धें अंग सोन्याचें झालेलें मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञमंडपांत येऊन लोळतें. दुसरें अर्धें अंग सोन्याचें होत नाहीं, तेव्हां भर सभेंत सांगतें कीं, हा यज्ञ कुरुक्षेत्रांतल्या उपाशी ब्राह्मणानें अतिथीस दिलेल्या पसाभर सत्तूची बरोबरी करीत नाहीं. पंचतंत्रांतल्या कथेंत तें पाळण्यांतील बाळास सापापासून वांचवितें, आणि रक्तानें माखलेलें तोंड घेऊन दाराशीं येतें. ब्राह्मणीस वाटतें, यानेंच बाळ खाल्लें, आणि ती हातांतली घागर त्याच्यावर टाकते. त्या ब्राह्मणीस निदान पुढें घरांत जाऊन खरें काय तें पाहतां आलें व पश्चात्ताप झाला. कुंचल्यांतून मरणारें मुंगूस आपल्या दाराशीं येत नाहीं. त्याचें रक्त आपणांस दिसतहि नाहीं. म्हणून पाहण्याचें काम आधींच करावें लागतें. पूर्वीं मुलें मुंगूस दिसलें कीं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवण्याची विनवणी करीत, आणि त्याचें दर्शन शुभ मानीत. तो शुभशकुन आपल्या नातवंडांसहि घडावा असें वाटत असेल, तर येत्या जूनमध्यें शाळेचें साहित्य आणतांना दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा.